बीडीडी चाळीतल्या दिवंगत शेजाऱ्यांची स्मृतिपुस्तिका: माहिती, फोटो, छपाई यासाठी मदत हवी (मंचावरची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गॅलरीतला

नमस्कार मंडळी. वरळी बीडीडीतल्या (ब्रिटिशकाळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) आमच्या चाळीतली बिऱ्हाडं पुनर्विकासासाठी आता हलू लागली आहेत. काहीजण संक्रमण गाळ्यांत, काहीजण भाडं घेऊन विरार-बदलापूरकडे, काही थेट गावी. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस, अशा ऐंशी खोल्या. २०२० पासून या खोल्यांतली २७ माणसं गेली. कोविडच्या काळात गेलेल्यांना खांदा द्यायलाही शेजारी जाऊ शकले नाहीत, शोकसभा तर लांबच. नव्या टॉवरमध्ये सगळे परत आले तरी कोण कुठल्या मजल्यावर असेल सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकाला एक पान देऊन पुस्तिका काढायचं चाळ कमिटीने ठरवलंय.

विचारायचं ते असं: माहिती कोणाकडून आणि कशी गोळा करावी, तारखा कशा तपासाव्यात, जुने फोटो छपाईला कसे आणावेत, पुस्तिका किती पानांची धरावी? आणि अशा पुस्तिकांत नेमकं काय बिघडतं? मंडळाच्या स्मरणिका आम्ही काढल्या आहेत, पण त्यात निम्म्या जाहिराती असतात. हे काम वेगळं आहे.

दस्तऐवज

आधी यादी पक्की करा. २७ हा आकडा आठवणीने काढला असेल तर तो कमी भरणार. हमखास सुटतात ते पोटभाडेकरू, गावकीच्या (एका गावच्या माणसांनी मिळून ठेवलेल्या) खोलीत राहणारे एकटे पुरुष आणि आजारपणात गावी नेले ते तिकडेच गेले अशी माणसं. सणाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं वर्षवार लावा आणि २०१९ चं नाव पुढच्या कुठल्या वर्षी दिसेनासं होतं ते पाहा. खोली तीच, पण पावती मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर गेली असेल तर तिथे विचारा. गावकीच्या खोल्यांसाठी त्या त्या ग्रामस्थ मंडळाची वही बघावी लागेल, कारण ती माणसं चाळीच्या वर्गणीत खोलीच्या एकाच पावतीखाली असतात.

तारखेसाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप. 'दुःखद', 'भावपूर्ण', 'अंत्ययात्रा' हे शब्द टाकून शोधा, रोमन लिपीतही टाकून बघा. प्रवेशद्वारावरच्या फळ्याचा फोटो सापडला तर त्यावर वार, तारीख, वेळ, खोली क्रमांक सगळं खडूने लिहिलेलं मिळतं. मात्र ग्रुपवरची तारीख हा नुसता धागा धरा. छापायची ती मृत्यूच्या दाखल्यावरची.

दाखल्याबाबत लोक एका ठिकाणी अडकतात. मृत्यूची नोंद माणूस जिथे राहत होता तिथे होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. परळच्या रुग्णालयात गेलेल्याची नोंद वरळीच्या जी दक्षिण या पालिका विभाग कार्यालयात सापडणार नाही, आणि गावी गेलेल्याची ग्रामपंचायतीत असेल. तुम्हाला स्वतःला दाखला काढायची गरज नाही. बहुतेक घरांत बँकेसाठी काढलेल्या प्रती असतातच, तिथे बसूनच तारीख उतरवून घ्या.

पहाटेचे मृत्यू जपून. रात्री दोनला माणूस गेला तर दाखल्यावर पुढची तारीख असते, आणि घरचे आदल्या दिवसाची सांगतात, कारण पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. दाखल्याची तारीख छापा. घरच्यांना तिथी हवी असेल तर ती शेजारी द्या, पण तिथीवरून तारीख काढत बसू नका.

जन्मतारखेचं दुखणं याहून मोठं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लावलेली असायची. पाचसहा पानांवर १ जून दिसला की वाचणाऱ्याचा सगळ्याच तारखांवरचा विश्वास उडतो. अशा ठिकाणी नुसतं साल द्या, आणि सालही डळमळीत असेल तर 'सुमारे'. साल काढायला ठळक घटना लावून विचारा: कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा त्या गावात होत्या की लग्न होऊन मुंबईत आल्या होत्या? गिरणी संपाच्या वेळी (सुरुवात १८ जानेवारी १९८२) धाकटा शाळेत जात होता का? बॉम्बस्फोटांच्या दिवशी (१२ मार्च १९९३) ते कामावर होते का? नुसतं 'कधी' विचारलं की 'लई वर्षं झाली' एवढंच उत्तर येतं. असं विचारलं की साल एकदोन वर्षांच्या आत येतं.

गिरणीत असलेल्यांसाठी एक चांगली सोय आहे. म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी १ जानेवारी १९८२ किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागत होता, म्हणून अर्ज केलेल्या बहुतेक घरांत एक फाइल असते. गिरणीचं नाव, खातं, तिकीट नंबर, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, कधीकधी पगाराची चिठ्ठी, सगळं तिच्यात. 'गिरणीत होते' एवढंच लिहून सोडू नका. साचेवाला (मागावर विणणारा), जॉबर (खात्यातला मुकादम) आणि बदली कामगार (गैरहजराच्या जागी रोजावर लागणारा) यांची आयुष्यं फार वेगळी होती. गिरणीचं नावही नीट घ्या. बोलीत जी 'इंदू मिल', ती कागदावर इंडिया युनायटेड क्रमांक ६. बाकीच्या क्रमांकांच्या गिरण्या वेगळ्या ठिकाणी होत्या. आणि 'संपात नोकरी गेली' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, पण कोणी वर्षभराने परत कामावर गेलं, कोणाची गिरणी पुढे बऱ्याच वर्षांनी बंद झाली. शेवटची पगारचिठ्ठी किंवा प्रॉव्हिडंट फंडाचा कागद पाहिल्याशिवाय ते वाक्य छापू नका.

पाटपाणी

माहिती गोळा करण्याबद्दल लिहिते.

छापील फॉर्म वाटू नका. फॉर्मवर 'स्वभाव' असा रकाना दिसला की सत्तावीस जण मनमिळाऊ, हसतमुख आणि परोपकारी होतात. दोघांनी मिळून घरी जा, एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहावं. ज्या घरात नुकतंच कोणी गेलंय तिथे तेरावा, जलदानविधी, चाळिसावा, जे असेल ते उरकल्याशिवाय जाऊ नका, आणि वर्षश्राद्धाच्या आठवड्यातही नको.

फक्त वारसांना विचारून पान पूर्ण होत नाही. प्रत्येक नावासाठी निदान तीन माणसं धरा: घरचं एक, गॅलरीत समोर किंवा शेजारी राहणारं एक, आणि चाळीबाहेरचं एक. म्हणजे भजनी मंडळातला टाळकरी, बरोबर पाळी करणारा, वाणी, कबड्डीच्या संघातला. लग्न होऊन गेलेल्या मुलींना फोन केल्याशिवाय कुठलंही पान बंद करू नका. घरातला मुलगा वडिलांची नोकरी सांगतो. वडील कामावरून आल्यावर काय करायचे, हे मुलगी सांगते.

बायकांची पानं रोडावतात आणि त्यावर 'गृहिणी' एवढाच शिक्का बसतो. त्यांच्या कामाचे आकडे विचारा. खाणावळ चालवत असतील तर किती माणसं जेवायची, महिन्याचे किती घ्यायच्या, मासळी कुठल्या वारी, हिशेब वहीत की डोक्यात, संपाच्या काळात उधारी किती थकली आणि ती नंतर कोणी फेडली. गिरणीत असतील तर सूत गुंडाळायच्या खात्यांपैकी वाइंडिंग की रीलिंग, आणि पाळीच्या वेळी पोरं कोणाकडे असायची. पापड लाटणं, फॉल-बिडिंग, डबे, वेण्या, हे सगळं काम आहे, तसंच लिहा. माहेरचं नाव आणि गाव जरूर घ्या. लग्नात नाव बदललेलं असेल तर दोन्ही नावं द्या. नाहीतर माहेरच्या माणसांना ती बाई पुस्तिकेत सापडतच नाही.

प्रश्न वस्तूला आणि वेळेला धरून विचारा. 'कसे होते?' याला उत्तर नसतं. 'पाणी आल्यावर पहिले कोण उठायचं?', 'गणपतीत त्यांच्याकडे कुठलं काम असायचं?', 'गॅलरीत त्यांची बसायची जागा कुठली?', 'त्यांच्या हाकेवर कोण ओ द्यायचं?' यांना उत्तरं असतात. फरक दाखवायला एक बनवलेला नमुना देते.

नेहमीचं: 'आजी अत्यंत प्रेमळ व मदतीला तत्पर होत्या. त्यांच्या जाण्याने चाळीत पोकळी निर्माण झाली आहे.'

हवं ते: 'पाणी पहाटे चारला यायचं. आजी पावणेचारला उठायच्या आणि मजल्यावरच्या तीन म्हाताऱ्यांचे हंडे आधी रांगेत लावायच्या, आपला चौथा. कोणाचा हंडा कुठला हे त्यांना पोचे पाहून कळायचं.'

दुसऱ्यात 'प्रेमळ' हा शब्द नाही आणि त्याची गरजही पडत नाही. हंड्याच्या पोच्यासारखी एक गोष्ट प्रत्येक पानावर सापडेपर्यंत विचारत राहा.

फोनवर रेकॉर्डिंग करणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा बंद करायला सांगा. दहा बाय सोळाच्या खोलीत पंखा, टीव्ही आणि कुकर मिळून आवाज खाऊन टाकतात. रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा. चाळीसेक मिनिटांनी थांबा, म्हातारी माणसं दमतात आणि नंतर तेच तेच येतं. त्याच रात्री नावं आणि साल ऐकून उतरवून ठेवा, आठवड्याने स्वतःचंच अक्षर लागत नाही.

लांबी सगळ्यांना सारखी. चाळीच्या अध्यक्षांना दोन पानं आणि झाडूवाल्या मामांना सहा ओळी असं झालं तर अख्खी पुस्तिका कशासाठी काढली हाच प्रश्न पडेल. पानाला १५० ते १६० शब्द धरा. मजकूर जास्त आला तर कापा. कमी आला तर विशेषणांनी भरू नका, चौथ्या माणसाला फोन करा.

अक्षरजुळणी

छपाईचं सांगतो. आकार ए५ (१४.८ × २१ सेमी), सेंटर पिन (कागद मधोमध दुमडून घडीवर पिना). सेंटर पिनमध्ये पानं चारच्या पटीतच बसतात. तुमचा हिशेब असा होतो: शीर्षकपान १, श्रेयनामावली १, चाळीची माहिती २, माणसं २७, सामूहिक फोटो ४, शेवटचं १, एकूण ३६. बरोबर बसतं. वर दस्तऐवज म्हणतात तशी दोनतीन नावं वाढली तर सामूहिक फोटोंतून पानं काढा, किंवा थेट ४० वर जा. यादी पक्की व्हायच्या आत छापखान्याला पानं सांगू नका.

आतला कागद १०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा न चकाकणारा, घ्या. ७० चा घेतला तर मागच्या पानाचा फोटो पुढे दिसतो, आणि तुमच्याकडे प्रत्येक पानावर फोटो आहे. पूर्ण आर्ट पेपर नको, ट्यूबलाइटखाली चकाकतो, वयस्कर डोळ्यांना त्रास होतो. कव्हर २५० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. मजकूर १३ पॉइंट, ओळींतलं अंतर मोकळं. वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतील.

मजकूर युनिकोडमध्येच (फोनवर मराठी टाइप होतं तेच) टाइप करा. 'मुक्त' फाँट विनामूल्य आहे आणि छपाईत स्वच्छ उठतो. जुना डीटीपीवाला (पानं जुळवणारा) पेजमेकर आणि श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असेल तर तो तुमचा मजकूर कन्व्हर्टरमधून काढेल, आणि तिथे 'ऱ्य', 'र्‍ह', रफार आणि पहिली वेलांटी घसरतात. गोऱ्हे, कुऱ्हाडे, तऱ्हाळकर असली आडनावं आधी तपासा. इनडिझाइनमध्ये करणार असेल तर 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' चालू आहे ना ते विचारा. तो नसला तर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. शेवटची फाइल पीडीएफ, फाँट एम्बेड केलेले, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड). स्वतः प्रिंट काढून वाचा, स्क्रीनवर चुका दिसत नाहीत.

आता फोटो. छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतो. पानावर ५ सेमी रुंद फोटो छापायचा तर साधारण ६०० पिक्सेल रुंदी हवी. पासपोर्ट फोटो (३.५ × ४.५ सेमी) ६०० डीपीआयवर स्कॅन केला की ८२७ पिक्सेल मिळतात, काम भागतं. लग्नातल्या ग्रुप फोटोत डोकं १ सेमीचं असेल तर ६०० वर २३६ पिक्सेलच येतात, म्हणजे २ सेमीच्या वर नेऊ नका. तिथे चेहरा कापून मोठा करण्यापेक्षा चारपाच माणसांसकट तुकडा घ्या. माणूस माणसांत बरा दिसतो, आणि फुटतही नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. स्टेटसचा स्क्रीनशॉट तर घेऊच नका, त्यावर पणती आणि फुलं चिकटलेली असतात.

भिंतीवरचा तसबिरीतला फोटो: घरच्यांना विचारून हार त्यांच्याकडूनच काढून घ्या, फ्रेम खिडकीकडे आडवी धरा, फोन नेमका समोर आणि फ्लॅश बंद. काचेत स्वतःची सावली येत असेल तर काळं कापड पांघरून उभे राहा. दमट हवेत फोटो काचेला चिकटलेला असतो. तो सोलायला जाऊ नका, वरचा थर काचेवर राहतो आणि चेहरा जातो. काचेसकट स्कॅन करा.

ॲपने फोटो 'क्लिअर' करू नका. ही ॲप चेहरा नव्याने काढतात. दात सरळ होतात, देवीचे व्रण जातात, चष्म्यामागचे डोळे दुसऱ्याचे होतात. मुलांना तो फोटो आपल्या आईचा वाटत नाही. सुरकुत्या, डाग राहू द्या. घडीची रेष चेहऱ्यावरून जात असेल तर तेवढीच हाताने भरा, बाकी नुसता उजेड-अंधार.

फाइलला नाव मजला-खोली-नाव-क्रमांक असं द्या. 'आयएमजी' नावाच्या दोनशे फाइल जमल्या की एकाच्या पानावर दुसऱ्याचा फोटो जातो, आणि ही चूक कुठलाच माफीनामा भरून काढत नाही. मूळ फोटो घरी घेऊन येऊ नका. स्कॅनर किंवा फोन घेऊन त्यांच्याच दारात जा.

गॅलरीतला

सगळ्यांचे मनापासून आभार. पावतीपुस्तकांची युक्ती लगेच लावून पाहिली, गावकीच्या खोल्यांतले दोघे सुटले होते. म्हणजे २९. चार शंका उरल्या. पानांचा क्रम कसा लावायचा? एका घराने 'आमच्याबद्दल काही छापू नका' असं कळवलंय, तिथे काय करायचं? दोन भावांचा खोलीवरून वाद चालू आहे, दोघंही वडिलांच्या पानावर फक्त आपलंच नाव हवं म्हणतात. आणि नावाआधी सगळ्यांना 'कै.' लावायचं का?

दस्तऐवज

तिसऱ्याचं आधी, कारण त्यात पुस्तिका अडकू शकते. पुनर्वसनात खोली कोणाच्या नावावर, पात्र कोण, यावर घराघरांत वाद आहेत. तुमची पुस्तिका उद्या कोणीतरी 'बघा, कमिटीनेच छापलंय' म्हणून पुढे करेल. म्हणून 'वारस', 'भाडेकरू', 'खोलीधारक' हे शब्द कुठेच नकोत. कोणाच्याच पानावर मागे राहिलेल्यांची यादी देऊ नका, ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांची नावं शेवटी एकत्र द्या. श्रेयनामावलीच्या पानावर एक ओळ टाका: 'या पुस्तिकेतील मजकूर वास्तव्य, वारसा किंवा हक्काचा पुरावा नाही.' दोन्ही भावांशी वेगवेगळं बोला, मजकूर दोघांनाही एकाच दिवशी दाखवा.

पूर्ण जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक, मोबाइल यातलं काही छापू नका. दिवंगत माणसाच्या नावावरही फसवणूक होते. वर १ जूनच्या तारखांसाठी सांगितलं तसं सगळ्यांच्याच पानावर जन्माचं नुसतं साल पुरेसं आहे. मृत्यूचं कारण घरच्यांनी स्वतः सांगून छापायला सांगितलं तरच, आणि तेही एका वाक्यात. दारू, आत्महत्या, दुसरा संसार या गोष्टी शेजाऱ्यांकडून कळतात. त्या वहीतही उतरवू नका, वह्या हातोहात फिरतात.

नको म्हणणाऱ्या घराचं पान करू नका, पण नाव तरी यादीत चालेल का एवढं एकदा विचारा. नाहीच म्हणाले तर तेही नको. एक महिना थांबून पुन्हा एखाद्या बाईमाणसाला पाठवा, तोवर पान मोकळं धरून ठेवा.

पाटपाणी

सगळ्यांना 'कै.' लावू नका. बौद्ध घरांत 'कालकथित' लिहितात, माळकरी घरांत 'वै.' (वैकुंठवासी), मुस्लिम घरांत 'मरहूम'. बीडीडीत तर ही सगळी घरं एका गॅलरीत आहेत. शोकपत्रिकेवर घरच्यांनी काय लिहिलं होतं ते पाहून तेच ठेवा, किंवा कुणालाच काही न लावता नुसतं नाव आणि खाली दोन सालं. मला दुसरं बरं वाटतं. कंसात चाळीतलं हाकेचं नाव मात्र हवंच. 'नाना', 'मास्तर', 'बायो' म्हटल्याशिवाय निम्म्यांना माणूस लागणार नाही. चिडवायचं नाव असेल तर नको.

क्रम खोलीप्रमाणे लावा. तळमजल्यापासून सुरू करून जिन्याने वर, प्रत्येक मजल्यावर गॅलरीतून चालत गेल्यासारखं. मृत्यूच्या तारखेने लावलं तर कोविडमधली पानं एका ठिकाणी गोळा होतात आणि सगळं पुस्तक त्या दोन वर्षांचं वाटू लागतं. अकारविल्हे लावलं तर एकाच आडनावाची घरं एकत्र येतात आणि शेजारी तुटतात.

दस्तऐवज

खोलीप्रमाणे क्रम मान्य, पण पानावर खोली क्रमांक छापू नका, वर सांगितलेल्या वादामुळेच. 'दुसरा मजला, जिन्याजवळ' एवढं पुरे. तेच सुरुवातीच्या पानांवरच्या नकाशालाही लागू: मजले, जिने, नळ, मोरी, गणपतीची जागा दाखवा, नावं टाकू नका.

अक्षरजुळणी

२९ झाले म्हणजे ३८ पानं, चारच्या पटीत नाही. ४० करा, उरलेल्या दोन पानांवर मोकळ्या ओळी छापा. एखादं नाव राहिलंच असेल तर घरचे हाताने लिहितील.

मुद्रितशोधनासाठी प्रत्येक पानाचा कागदावर प्रिंट काढून त्या त्या घरी न्या. फोनवर पाठवलेलं कोणी नीट वाचत नाही, अंगठा येतो आणि चूक छापून येते. एकजण मोठ्याने वाचेल आणि घरचं माणूस ऐकेल असं करा, आकडे एकेक अंक सुटा वाचा. 'वाचलं, मान्य' म्हणून तारखेसकट सही घ्या. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरी नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.

प्रतींचा हिशेब ऐंशी खोल्यांवर करू नका. २९ घरांना तीन तीन धरा, कारण मुली, भावंडं, गावचं घर सगळीकडे लागतात. बाकी प्रत्येक घराला एक, शिवाय ग्रामस्थ मंडळं, भजनी मंडळ, जवळचं वाचनालय. दीडशेच्या आसपास जाल. एवढ्या प्रती डिजिटलवर काढा, ऑफसेटला प्लेटचा खर्च अंगावर येतो. डिजिटलचा दुसरा फायदा असा की पुढे वीस प्रती लागल्या तर वीसच काढता येतात. पीडीएफ, मूळ स्कॅन आणि रेकॉर्डिंग तीन वेगळ्या घरांत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, त्यातलं एक घर चाळीबाहेरचं असू द्या.